इंजिनावरचं झाकण

ईडन प्रेरी, ७ जून १९८६

उल्हासभावजी,

आशीर्वाद मनातून दिले आहेत असं समजा. कागदावर लिहायला हात वळत नाही. वर्षभरात मी तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही आणि आजही लिहिणार नव्हते. काम निघालं म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या मोटरहोमच्या इंजिनावरच्या झाकणाला तुम्ही आतून जे इन्सुलेशन लावलंत, ते नेमकं काय होतं? नाव, जाडी, कुठल्या दुकानातून आणलंत, कशानं चिकटवलंत, सगळं कळवा. मला ते काढून नवीन बसवायचं आहे. हो, मलाच. तुमच्या श्रीरंगदादांची कंबर मार्चपासून धरली आहे, बुटाच्या नाड्यासुद्धा मी बांधते. गॅरेजवाला सप्टेंबरच्या आत हात लावायला तयार नाही. आणि आईंना ऑगस्टमध्ये तुमच्याकडे यायचंय.

हे वाचून तुम्ही खुर्चीतून उठला असाल. बसा. चोवीस ऑगस्टला आईंना पंचाहत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी त्यांना धाकट्या मुलाच्या घरी असायचंय, बाकी ओवाळणं-बिवाळणं काही नको म्हणाल्या. इतके तास पाय खाली सोडून विमानात बसायला डॉक्टर नाही म्हणतात. मोटरहोममध्ये मागच्या पलंगावर पाय उशीवर घेऊन पडता येईल, म्हणून ती गाडी. चालवणार मी. श्रीरंगचं म्हणणं एकच: "ते इन्सुलेशन मुळापासून नवीन झाल्याशिवाय माझी आई त्या गाडीत चढणार नाही." तो स्वतः तुमच्या क्युपर्टिनोला येणार नाही. तुमचं नाव निघालं की तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

मी त्याला दोष देत नाही. तुम्ही "माझंच चुकलं" एवढे दोन शब्द टाकून हॉस्पिटलमधून निघून गेलात, दोन महिन्यांत घर आवरून कॅलिफोर्नियाला गेलात. पुढचं सगळं आम्ही बघितलं. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही परत सांगते, ऐकून घ्या. मे अखेरीस मेमोरियल डेच्या सोमवारी ग्रँड मरेच्या सहलीहून परत येताना आई पुढच्या सीटवर पाच तास डावा पाय त्या झाकणावर टेकवून बसल्या होत्या. मधुमेहानं पावलातली जाणीव गेलेली. चटका बसतोय हे त्यांना कळलंच नाही. घरी येऊन लोकरीचा मोजा काढला तर मोज्याबरोबर कातडी निघाली. जुलैमध्ये दोन बोटं काढली. आता त्या बुटात कापूस भरून चालतात, आणि जिना उतरताना कुणी हात पुढे केला की ओरडतात.

ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध ते पत्र्याचं उंच झाकण, त्याखाली अख्खं इंजिन तापतंय, आणि त्या धगीत आणि माणसाच्या पायात फक्त तुम्ही चिकटवलेला थर. ही काही शोभेची वस्तू नव्हती. दोन आठवडे तुम्ही आमच्या ड्राइव्हवेमध्ये गुडघ्यावर बसून ते काम करत होतात, मी तुम्हाला तिथे चहा आणून देत होते. गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली, पडदे मी शिवलेले, आणि एवढी साधी गोष्ट तुम्हाला धड करता आली नाही.

उत्तर लवकर पाठवा. माझ्या धाकट्या जावेला, नीलाला, मात्र माझा खराखुरा आशीर्वाद.

शरयू


ईडन प्रेरी, २१ जून १९८६

भावजी,

पत्र मिळालं. कडेला भोकं असलेल्या त्या कॉम्प्युटरच्या कागदावर सहा ओळी. एका ओळीत आईंची चौकशी आणि उरलेल्या पाचांत मला हुकूम. "वहिनी, झाकण तुम्ही उघडू नका. दुसरं गॅरेज शोधा. जुनं न बघता फेकून द्यायला सांगा. नवीन एक इंच जाडीचं, फॉइलची बाजू इंजिनाकडे. कृपा करून स्वतः करू नका."

का करू नको? मी बीएस्सी आहे, बारा वर्षं लॅबमध्ये काम करते. तुमच्या दादांना साधा फ्यूज बदलता येत नव्हता तेव्हा या घरातले फ्यूज कोण बदलत होतं? की बायकांनी इंजिनाच्या झाकणाला हात लावला की ते बाटतं?

हार्डवेअरच्या दुकानातही हेच. काउंटरवरच्या म्हाताऱ्याला मी म्हटलं, फॉइल लावलेलं फायबरग्लास हवं, मोटरहोमच्या डॉगहाऊससाठी. त्या झाकणाला इथे डॉगहाऊस म्हणतात हे मला माहीत आहे याचंच त्याला नवल. म्हणाला, "हनी, व्हाय डोन्ट यू सेंड युअर हजबंड इन?" मी म्हटलं, "माय हजबंड कॅन नॉट बेंड, आय कॅन." मागे रांगेत उभे असलेले दोघं हसले. मग मुकाट्यानं त्यानं रोल काढून दिला, उष्णतेला टिकणारा गोंद दिला, फॉइलची टेप दिली, आणि सांगितलं की नुसत्या गोंदावर विसंबू नका, मोठे वॉशर घालून स्क्रू मारा, नाहीतर थर सुटून तापलेल्या इंजिनावर पडतो आणि पेटतो. तुम्ही स्क्रू मारले होतेत की नुसतं चिकटवून मोकळे झालात, ते आता बघतेच.

तुमचा फोन आईंना दर बुधवारी दुपारी दोनला येतो, श्रीरंग ऑफिसात असताना, मी जेवायला घरी येते त्या वेळेत. मी उचलते, "हॅलो" ऐकते आणि रिसीव्हर आईंच्या हातात देते. या बुधवारी तुम्ही "वहिनी" म्हणालात. मला ऐकू आलं होतं. मी तरी आईंनाच दिला. त्या अर्धा तास बोलल्या आणि नंतर दिवसभर जेवल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "पोटात जागा नाही." एकदा बाथरूममध्ये नळ सोडून रडत होत्या, मी दार वाजवलं नाही. म्हणून सांगते, मला हे झाकण करायचंच आहे. त्या बाईला तुमच्याकडे न्यायचंच आहे, मग कुणी काही म्हणो.

खरं सांगू, ते जुनं फोम सडून गळून पडत होतं ना, तुम्ही बदलण्याआधीचं, तेव्हा ती गाडी बरी होती. झाकण तापायचं हे खरं, पण तेव्हा आई बरोबर नव्हत्या आणि आपण कुणी त्यावर पाय ठेवत नव्हतो. संध्याकाळी कॅम्पला पोचलो की मी दुधाला विरजण लावून पातेलं त्यावर ठेवायचे, शालीत गुंडाळून. सकाळी असं दही, की चमचा उभा राहावा. उत्तरेकडच्या थंडीत दही लागणं म्हणजे काय हे तुमच्या कॅलिफोर्नियातल्या लोकांना सांगून कळायचं नाही. तुमच्या इन्सुलेशननं तेही गेलं. बाकीचं काय गेलं ते वर लिहिलंच आहे.

झाकण पुढच्या शनिवारी, नाहीतर चार तारखेच्या सुट्टीत उघडते आहे. तुमची कृपा नको.

शरयू


ईडन प्रेरी, ५ जुलै १९८६

भावजी,

काल उघडलं.

आधी वरचा गालिचा सोडवला, मग चार खटके. वजनाला भरपूर आहे, पण आलं. ड्राइव्हवेमध्ये जुन्या चादरीवर उलटं ठेवलं. तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, तरी मनगटं अजून खाजतायत. हातात खरवडायची पट्टी घेऊन बसले होते. तुमचं काम दिसलं की मनसोक्त शिव्या द्यायच्या असं ठरवूनच बसले होते.

शिव्या द्यायला जागाच नाही. एक इंच जाडीचा थर, कोपरे दुमडून आत घेतलेले, प्रत्येक जोडावर टेप, चार-चार इंचांवर वॉशर घातलेले स्क्रू. कडेची रबरी पट्टीसुद्धा तुम्ही बदलली होतीत, ती कुणी सांगितलीही नव्हती. पंधरा महिन्यांत एक कोपरा सुटलेला नाही. मला इतका संताप आला की काय सांगू. एवढं चांगलं काम केलेल्या माणसाला आम्ही वर्षभर कामचुकार म्हणतोय, आणि तो माणूस तोंडातून ब्र काढत नाही?

आणि मग ते दिसलं. शेजारच्या सीटच्या बाजूला, जिथे खाली इंजिनातून धूर बाहेर नेणारा लोखंडी नळ आहे, जिथे सगळ्यात जास्त तापतं, बरोबर तिथे, थरात एक गोल भोक. नुसता पत्रा. कडा सुरीनं नीट कापलेल्या, बाजूनं टेप लावून बंद केलेल्या, धागे गळू नयेत म्हणून. गालिच्याच्या उलट्या अंगाला तेवढाच गोल तपकिरी डाग. आईंचं पाऊल त्याच गोलावर होतं. मी त्या जागेवर हात ठेवून बसले. ऊन होतं, पत्रा तसाही तापलेला होता.

हे काय आहे? कशासाठी कापलंत? एवढा मन लावून थर बसवायचा आणि मग त्याला भोक पाडायचं, हा कुठला शहाणपणा? मला लिहून कळवा. श्रीरंगला मी अजून दाखवलेलं नाही. तो खिडकीतून म्हणाला, "काही सापडलं का?" मी म्हटलं, "जुनंच आहे सगळं." मग झाकण चादरीत गुंडाळून गॅरेजमध्ये नेलं.

उत्तर ताबडतोब पाठवा.

शरयू


ईडन प्रेरी, १३ जुलै १९८६

भावजी,

"उंदरानं कुरतडलं असेल, वहिनी."

एवढंच लिहायला तुम्ही पाकीट घेतलंत, तिकीट लावलंत, पोस्टात गेलात? मिनेसोटातले उंदीर आधी वर्तुळ आखतात, मग कुरतडतात, आणि जाताना कडेला फॉइलची टेप लावून जातात, होय ना? एवढं शिकलात, सॉफ्टवेअर लिहिता, आणि साधं खोटं धड बोलता येत नाही तुम्हाला.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून दह्याचं पातेलं गॅरेजमध्ये नेलं आणि त्या भोकावर ठेवलं. नेण्याची गरज नव्हती. डोळ्यांनी बघूनच कळलं होतं, गेल्या पत्रात तुम्हाला विचारलं ते उगीच. बुडाशी जुळलं. चहूबाजूंनी बोटभर जागा जास्त, विळखा घातलेल्या शालीसाठी. तीही तुम्ही हिशेबात धरलीत.

ग्रँड मरेच्या सहलीतला तो शनिवार मला आठवतो, सगळ्यांनाच आठवत असेल, फक्त कुणी जोडून बघितलं नाही. आदल्या रात्री मी दूध लावलं होतं आणि सकाळी पातेल्यात पांढरं पाणी. लेक सुपीरिअरवरचा वारा, मे संपत आला तरी हात गारठलेले. आई म्हणाल्या, दह्याशिवाय माझा भात घशाखाली उतरत नाही. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भावजी, तुमच्या इंजिनिअरिंगनं माझं दही मारलं. पातेल्यापुरती तरी जागा सोडायची होती." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग आम्ही किनाऱ्यावर गेलो आणि तुम्ही म्हणालात, मी जरा ऑइल बघतो. संध्याकाळी पुढच्या कॅम्पला पोचल्यावर तुम्ही गालिच्यावर तळवा ठेवून म्हणालात, "वहिनी, पातेलं बरोबर इथे ठेवा हं." रविवारी सकाळी दही सुरीनं कापावं असं लागलं होतं. आई दोन वाट्या जेवल्या. मी तुमची पाठ थोपटली आणि काय जादू केलीत ते विचारलं नाही.

आता मला एक सांगा. वहिनीनं गमतीत एक वाक्य टाकलं म्हणून इंजिनाच्या इन्सुलेशनला भोक पाडायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मी म्हटलं असतं, भावजी, ब्रेकमुळे माझा चहा सांडतो, तर ब्रेक काढून टाकले असतेत का? लहान होतात तेव्हापासून हे असंच. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही तेरा वर्षांचे, मी गंमत म्हणून चिंचा मागितल्या तर तुम्ही शेजाऱ्यांच्या कुंपणावरून उडी मारून हात मोडून घेतलात. तेव्हाही घरच्यांना म्हणालात, क्रिकेट खेळताना पडलो. मी तेव्हा नवी सून, मीही गप्प बसले. ही सवय तुम्हाला मीच लावली की काय कोण जाणे.

पण तेव्हा हात तुमचा मोडला होता. या वेळी बोटं आईंची गेली. आणि हॉस्पिटलमध्ये श्रीरंग तुम्हाला नको नको ते बोलत होता, तेव्हा तुम्ही नुसतं म्हणायचं होतंत, "दादा, वहिनीला दही लावायचं होतं म्हणून कापलं." संपलं असतं. माझ्यावर ओरडला असता, आठ दिवस. नवरा आहे, बायकोला घराबाहेर काढत नाही. भावाला काढता येतं. हे तुमच्या लक्षात आलं नाही, की लक्षात आलं म्हणूनच गप्प बसलात?

असला त्याग मी मागितला नव्हता. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन, मोठ्या मनाचे होऊन तुम्ही कॅलिफोर्नियाला निघून गेलात आणि मला इथे रोज तुमच्या दादांसमोर, आईंसमोर निरपराध बाईचं तोंड करून वावरायला मोकळं सोडलंत. रागच येतो मला तुमचा. फार राग येतो.

झाकणावरचा जुना थर पूर्ण काढला आहे. तुमचा बाकीचा थर ठेवून नुसतं भोक बुजवता आलं असतं, पण झाकण उघडल्यावर त्याच्याकडे बघून मला जे वाटलं ते पुन्हा नको. ब्लाउज बेततात तसा वर्तमानपत्राचा कागद झाकणाच्या आत दाबून बेतून घेतला आणि नवीन तुकडे त्यावरून कापले. उद्या चिकटवते.

शरयू


ईडन प्रेरी, २७ जुलै १९८६

उल्हासभावजी,

थर बसला. स्क्रू मारले, टेप लावली. परवा गाडी चाळीस मैल चालवून आणली, लॅबमधला थर्मामीटर गालिच्यावर ठेवून. घरातल्या खुर्चीएवढीच उष्णता. या कामात कुणी खोड काढून दाखवावी.

दुसरं काम राहिलं होतं तेही आज केलं. रविवार, दुपारी जेवणं झाली, श्रीरंग पानावरून उठत होता. मी म्हटलं, बस. आणि सांगितलं. दही, भोक, पातेलं, तुमचं उंदराचं पत्रसुद्धा वाचून दाखवलं.

पण तुम्हाला अजून एक सांगायचं राहिलंय, जे तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही त्या सोमवारी मागे झोपला होतात. आईंना थंडी वाजत होती. पायाला काही लागत नाही, पण गुडघ्यापासून वर गारठतंय, म्हणाल्या. मी त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि झाकणावर ठेवला. बरोबर त्या जागी, कारण कुठे ऊब आहे हे मला माहीत होतं. दोन सकाळी मी तिथूनच पातेलं उचललं होतं. वरून शाल घातली. म्हटलं, "आता बघा कसं बरं वाटतं."

म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं, भावजी. काल-परवा झाकण उघडून नाही. हॉस्पिटलमध्ये मोजा काढलेला पाय बघितला आणि तुम्ही "माझंच चुकलं" म्हणताना माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाहीत, त्याच क्षणी. भोक आहे हे माहीत नव्हतं, पण तुम्ही माझ्या दह्यासाठी काहीतरी केलं होतंत एवढं कळायला भोक बघावं लागत नाही. त्यानंतर वर्षभर मी तुमच्यावर रागावले ते त्याच्या जोरावर. रागावलेलं राहिलं की दुसरं काही सुचत नाही. पहिलं पत्र लिहिलं त्यात मला कसली माहिती हवी होती? दुकानात विचारलं असतं तरी मिळाली असती. तुम्ही मला शिव्या द्याव्यात एवढंच हवं होतं, आणि तुम्ही पाठवलंत काय, फॉइलची बाजू इंजिनाकडे.

श्रीरंगनं उष्टं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "मी त्याला काय काय बोललो ते तू ऐकलं होतंस."

"हो."

"दुसऱ्या दिवशी त्याला फोनवर पुन्हा बोललो, तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच. चहा करत होते."

"चहा करत होतीस," तो म्हणाला आणि उठून अंगणात गेला. वाकता येत नाही तर उभ्यानंच होजनं गवताला पाणी घालत राहिला, पाऊस सुरू झाला तरी.

मला वाटलं होतं आई रडतील. आई माझ्यावर अशा भडकल्या, की वीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या. "पाय तू ठेवलास ते मला माहीत होतं," म्हणाल्या. "मायेनं ठेवलास. ते मी कधी कुणाजवळ काढलं नाही, आणि बोटांचं मला काही नाही, मी कुठे नाचायला जाणार होते? पण माझा मुलगा सगळा दोष अंगावर घेऊन घराबाहेर गेला, आणि तू दर बुधवारी त्याचा फोन माझ्या हातात देत होतीस. हातात देत होतीस गं, आणि तोंड मिटून बाजूला उभी राहात होतीस."

मी म्हटलं, आई, चुकलं. त्या म्हणाल्या, "मला नको सांगू. त्याला सांग." आणि संध्याकाळी त्यांनी माझ्या हातची खिचडी घेतली नाही. त्या पायावर उभं राहून स्वतः कणीक मळली, दोन पोळ्या भाजल्या, मीठ-तेल लावून खाल्ल्या. मी मदतीला गेले तर पोळपाट उचलून दुसऱ्या बाजूला नेला.

म्हणून तुम्हाला सांगते. भावजी, माझं चुकलं. एवढं लिहायला मला पाच पत्रं लागली.

निघायचं नऊ ऑगस्टला. श्रीरंग येणार आहे. मला सांगितलं नाही, पण त्याची बॅग गाडीत जाऊन बसली आहे.

तुमची वहिनी
शरयू


रॉलिन्स, वायोमिंग, १५ ऑगस्ट १९८६

प्रिय उल्हासभावजी,

हे पत्र आमच्या आधी पोचावं म्हणून पेट्रोल पंपावर उभी राहून लिहितेय. रोज दोनशे मैलांच्या वर जात नाही, आईंना मध्ये मध्ये उतरवून चालवावं लागतं. गाडी ठणठणीत. चढावर थोडी कुरकुरते, पण या वयात कोण कुरकुरत नाही?

श्रीरंग माझ्याशी फक्त रस्त्याचं बोलतो. "उजवी लेन." "पुढचा एक्झिट." काल रेस्ट एरियात मी हात धुऊन परत आले तर तो गाडीच्या मागे एकटाच उभा राहून मोठ्यानं बोलत होता: "उल्हास, हे बघ, मी त्या दिवशी..." मला बघून टायरला लाथ मारून हवा बघायला लागला. इतका मोठा इंजिनिअर, लाथ मारून हवा बघतो. पाठांतर काही होत नाही बिचाऱ्याचं, नेब्रास्कापासून त्याच वाक्यावर अडलाय. दारात तो बोलायला उभा राहिला तर तुम्ही "असू दे, दादा" म्हणून मध्येच तोडू नका. त्याला पूर्ण बोलू द्या. त्याची फार तयारी आहे.

आई मागे पलंगावर झोपायला तयार नाहीत. पुढेच बसायचं, माझ्या शेजारी, रस्ता बघायचा. मी नको नको म्हणून थकले. अठरा दिवसांत माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. मीठ हवं असलं तरी श्रीरंगकडे मागतात. दर तासाभरानं झाकणावर तळवा पालथा ठेवतात, मग उलटा ठेवतात, पदर नीट करतात आणि पुन्हा रस्त्याकडे बघतात. काल शायेनच्या पुढे मोठा चढ होता, इंजिन जोरात ओरडत होतं, मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. आईंनी हात ठेवला आणि समोरच्या काचेकडे बघून म्हणाल्या, "गार आहे." कुणाला म्हणाल्या ते सांगता येत नाही, गाडीत पुढे मीच होते. मी डोळे पुसले तर श्रीरंग मागून ओरडला, "शरयू, रस्त्याकडे बघ!" तेही एका परीनं बोलणंच झालं.

वीस तारखेला दुपारी पोहोचू. गाडी तुमच्या दारासमोर उभी करीन. आई आधी उतरतील, त्यांना जिना असेल तर सांगा, पण हात पुढे करू नका. मग श्रीरंग उतरेल. त्या दोघांना घरात घ्या, चहा द्या, मनासारखं बोला. मी उतरणार नाही. स्टिअरिंगपाशी बसून राहीन. मला दारात घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे, आणि या खेपेला वहिनीला वाईट वाटेल म्हणून ठरवायचं नाही. नीलाला विचारू नका, आईंना विचारू नका. तुम्हाला स्वतःला वाटलं तर बाहेर या. नाही वाटलं तर येऊ नका, मी उन्हात तशीच बसेन आणि कुणाला काही बोलणार नाही. एवढी वर्षं मीच रागावत आले, भावजी. आता रागवायची पाळी तुमची आहे.

शरयू